मदत हवी आहे: लॉव्हेल सायफरमधलं पत्र अर्ध्यात येऊन बिघडतंय

दौत_लेखणी:
नमस्कार मंडळी. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या काळातलं एक मुत्सद्दी पत्र उलगडायचंय. मूळ कागदाचं स्कॅन समोर आहे. मजकूर साध्या इंग्रजीत, मध्येमध्ये आकड्यांचे तुकडे. एक अपवाद सोडता सगळे आकडे ३० च्या आत. सायफर म्हणजे सांकेतिक लिपी जेम्स लॉव्हेलची (अमेरिकन काँग्रेसचा सदस्य), आणि किल्ली, म्हणजे तक्त्याचे दोन रकाने ज्या अक्षरांपासून सुरू होतात ती, ‘सी-आर’ असं धरून चाललोय. सुरुवात बरोबर लागते, मग अचानक कचरा. ही जागा बघा:

४-१-३-२४-११८-४-२२-३-१५-१८

एफ-आर-ई-एन इथपर्यंत ठीक. ११८ ला एक जागा देऊन पुढे गेलं की यू-एक्स-टी-क्यू-एच. किल्ली मध्येच बदलली असेल का? आणि इतरत्र २८, २९ दिसतात, त्यांचं काय करायचं?

आकडेमोड:
किल्ली बदललेली नाही, तुमची जागा एकाने घसरली आहे. लॉव्हेल वापरणाऱ्या प्रत्येकाला हा त्रास होतो, तेव्हाही व्हायचा.

आधी तक्ता तपासून घ्या. अक्षरं २७: ए ते झेड, आणि शेवटी ‘आणि’ची खूण म्हणजे अँपरसँड. ती विसरली तर झेडच्या पुढचं सगळं एका घराने सरकतं. पहिला रकाना सी पासून: १ सी, २ डी, ३ ई... २४ झेड, २५ अँपरसँड, २६ ए, २७ बी. दुसरा आर पासून: १ आर, २ एस, ३ टी... ९ झेड, १० अँपरसँड, ११ ए, आणि २७ ला क्यू. पहिला आकडा पहिल्या रकान्यातून वाचायचा, दुसरा दुसऱ्यातून, तिसरा पुन्हा पहिल्यातून.

आता ११८. तक्त्यात इतका मोठा आकडा असूच शकत नाही, म्हणजे मधला ठिपका किंवा रेघ राहिली आहे. फोड १ आणि १८, नाहीतर ११ आणि ८. तुमचा पाचवा आकडा पहिल्या रकान्यात पडतो, म्हणून १-१८ म्हणजे सी-एच आणि ११-८ म्हणजे एम-वाय. मागे एफ-आर-ई-एन आहे, तेव्हा ‘फ्रेंच’ हे उघड आहे. दोन आकडे म्हणजे दोन जागा. तुम्ही एकच दिलीत, त्यामुळे पुढचं सगळं उलट्या रकान्यातून वाचलं गेलं. ४-२२-३-१५-१८ पहिल्या रकान्यापासून वाचा: एफ-एल-ई-ई-टी. फ्रेंच आरमार.

शाईचा_डाग:
+१. वरच्या उत्तरात एक भर घालतो. घसरलेला भाग पुन्हा आकड्यांपासून वाचायची गरज नाही. दोन रकान्यांत १५ घरांचं अंतर आहे. सी रकान्यातून चुकून वाचलेलं अक्षर १५ घरं पुढे न्या, आर मधून चुकून वाचलेलं १५ घरं मागे. तुमचा क्यू १५ पुढे नेला की ई, यू १५ मागे नेला की एफ. एक्सेलमध्ये तीन उभे रकाने करा: आकडा, सी-वाचन, आर-वाचन. मग दोन्हीकडे नजर ठेवून खाली उतरायचं. अर्थ जिथे एका बाजूहून दुसऱ्या बाजूला उडी मारतो तिथे एक आकडा गळलाय, जास्तीचा आलाय किंवा दोन चिकटलेत. गळती लिहिणाऱ्याचीही असू शकते. मूळ कागदावर जे आहे ते तसंच उतरवा, दुरुस्ती शेजारच्या रकान्यात.

२८, २९, ३० हे भरतीचे आकडे, शत्रूला चकवण्यासाठी. शब्दाच्या आधी, नंतर, मध्येही येतात. त्यांना अक्षर नाही. पहिल्यांदा जागा न देता वाचून बघा, बिघडलं तर जागा देऊन.

दौत_लेखणी:
लागलं! आभार. पण पुढचा तुकडा, साध्या इंग्रजीच्या दोन ओळींनंतरचा, पहिल्या अक्षरापासूनच बिघडलेला आहे. आणि किल्ली ‘सी-आर’च आहे याची खात्री कशी करायची?

आकडेमोड:
नव्या तुकड्यात फेरा पहिल्या रकान्यापासून सुरू होतो की आधीचा पुढे चालू राहतो, एवढाच प्रश्न. दोनच शक्यता आहेत, दोन्ही वाचा.

किल्लीसाठी लांबलचक, न घसरलेला तुकडा घ्या. विषम जागांचे आकडे वेगळे, सम जागांचे वेगळे, आणि दोन्हींत कोणता आकडा सर्वांत जास्त येतो ते मोजा. इंग्रजीत तो बहुधा ई. ‘सी-आर’ असेल तर विषम गटात ३ वर येईल, समात १५. दुसरी किल्ली असेल तर उलटं जा: ई साठी १५ आलाय, म्हणजे ई पासून १४ घरं मागे (वाटेत अँपरसँड धरून), आर. तुकड्यात शंभराहून कमी आकडे असतील तर या मोजणीवर फार विसंबू नका, टी आणि ए सुद्धा वर येतात. एकूण किल्ल्या २७ गुणिले २७, म्हणजे ७२९. संगणकाला किरकोळ.

पुणेरी_पगडी:
किल्लीची लांबी आधी कॅसिस्कीच्या पद्धतीने (पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यांमधली अंतरं मोजून) काढायला नको का?

शाईचा_डाग:
दोन रकाने आहेत हे माहीत असताना नको. कॅसिस्कीची पद्धत छापली गेली १८६३ मध्ये. किल्ली लांब असती तर त्या काळी ही आळीपाळीने रकाने बदलणारी जातकुळी खरोखर अवघड होती. लॉव्हेलने दोनच अक्षरं वापरून तिचा बराचसा दम घालवला. गंमत म्हणजे हाच माणूस, बॉस्टनच्या शाळेतला माजी मास्तर, १७८१ मध्ये ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिसचे पकडलेले सांकेतिक कागद उलगडून वॉशिंग्टनला किल्ली पाठवत होता.

आणि ज्यांच्यासाठी हे सायफर केलं त्यांनाच ते वाचता येईना. युरोपात अमेरिकेचे दूत असलेल्या जॉन अॅडम्सना जमलं नाही, पॅरिसला फ्रँकलिननीही हात टेकले. किल्ली आलेली होती कोड्यातून: ओळखीच्या एका कुटुंबाचं नाव आठवा आणि त्याची पहिली दोन अक्षरं घ्या. कुटुंब क्रँच, जॉन यांच्या पत्नी अॅबिगेल अॅडम्स यांच्या बहिणीचं सासर. अॅबिगेलबाईंनी पद्धत समजून घेऊन नवऱ्याला कळवली. माझ्या मते दोष सायफरपेक्षा सूचना लिहिण्याच्या या पद्धतीचा.

आकडेमोड:
पुढे दुसरं पत्र हाती घ्याल तेव्हा आधी सर्वांत मोठा आकडा बघा. सगळे ३० च्या आत असतील तर लॉव्हेल आधी तपासा. शेकड्यांत जाऊन ७६३ च्या आत थांबत असतील तर टॅलमेजची (वॉशिंग्टनच्या हेरखात्याचा प्रमुख) शब्दसूची असू शकते, तिच्यात एका आकड्याला एक शब्द, तिथे ७११ म्हणजे वॉशिंग्टन आणि ७२७ म्हणजे न्यूयॉर्क. ६८२ च्या आत आणि फक्त अक्षरं निघत असतील तर ड्यूमाचा (युरोपातला अमेरिकेचा हस्तक) फ्रेंच उताऱ्यावरचा सायफर, उताऱ्यातल्या अक्षरांना ओळीने आकडे दिलेला. त्यात डब्ल्यू नाही, त्याऐवजी दोन यू घ्यायचे. तीन-तीन आकड्यांचे गट असतील तर पुस्तकी कोड, पान-ओळ-शब्द, फितूर अमेरिकन सेनानी अरनॉल्ड आणि ब्रिटिश अधिकारी आंद्रे यांच्यात होता तसा. तिथे पुस्तकाची नेमकी तीच आवृत्ती लागते, नाहीतर पान जुळत नाही.