मदत हवी आहे: मंडळाचं रुग्णसाहित्य परत येत नाही

ओटा_कट्टा (धागाकर्ता)
आमच्या मंडळाचं रुग्णसाहित्य केंद्र आहे. व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्ची, एअर बेड (पडून पडून जखमा होऊ नयेत म्हणून पंपावर चालणारी हवेची गादी), फाउलर कॉट (डोक्याकडून-पायाकडून वर होणारी हॉस्पिटलची खाट). लोक गोड बोलून नेतात आणि परत आणायचं नाव नाही. फोन उचलत नाहीत. रविवारी मीटिंग आहे, अध्यक्ष म्हणतात केंद्रच बंद करू. कुणी असं केंद्र चालवत असेल तर नेमका उपाय सांगा. 'छान काम करताय, चालू ठेवा' असले प्रतिसाद कृपया नकोत.

पर्वतीपायथा
छान काम करताय, चालू ठेवा.

हिशेबनीस
पुण्यात कुठे? अनामत किती? पावती देता का? मंडळाची ट्रस्ट म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे की फक्त उत्सवापुरती वर्गणी जमवायची ४१ क ची परवानगी काढता? माहिती काहीच नाही आणि नेमका उपाय हवा!

ओटा_कट्टा
पेठेत, अजून कुठे. अनामत घेतोच, ते वेगळं काय सांगायचं. नोंदणीचा इथे काय संबंध?

हिशेबनीस
किती घेता?

ओटा_कट्टा
५००.

पर्वतीपायथा
वॉकरला ५०० आणि फाउलर कॉटलाही ५००?

ओटा_कट्टा
हो.

पर्वतीपायथा
मग मीही परत दिली नसती. भंगारवाला त्याहून जास्त देईल.

हिशेबनीस
वस्तूच्या किमतीच्या निम्मी तरी अनामत ठेवा. ट्रस्टची नोंदणी असेल तर आयकर खात्याकडेही नोंदणी करून घ्या, देणाऱ्याला करात वजावट मिळते म्हणून देणगीदार वाढतात. मात्र २००० च्या वर रोख देणगी आली तर देणाऱ्याला ती वजावट मिळत नाही, पावती फाडण्याआधी सांगत चला.

ओटा_कट्टा
देणगीचा प्रश्न नाहीये हो. वस्तू आहेत, त्या बाहेर अडकल्यात.

सदाफुली
आमचं केंद्र कोथरूडला आहे, शनिवारी मी बसते. निम्मी अनामत हा उपाय बंगलेवाल्यांसाठी. धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या नवऱ्याचा पाय मोडला तर ती हजारो रुपये आणणार कुठून? आम्ही अशा वेळी ती जिथे काम करते त्या घरच्यांची ओळख घेतो, अनामत माफ. आजवर वस्त्यांमधून वस्तू बुडाल्या नाहीत, बुडाल्या त्या मोठ्या सोसायट्यांतून.

हिशेबनीस
हा तुमचा अनुभव झाला. ऑडिटरला ओळख दाखवून चालत नाही.

क्यूआर_दादा
प्रत्येक वस्तूवर क्यूआर कोड लावा. स्कॅन केला की नाव, तारीख, सगळं शीटमध्ये. मुदत संपली की आपोआप मेसेज. तासाभराचं काम आहे, मी फुकट करून देतो.

पर्वतीपायथा
फोन न उचलणारा माणूस मेसेज वाचून धावत येणार. वा.

गच्चीतली_बाग
आमच्या सोसायटीत जिन्याखाली कुठल्याशा मंडळाची व्हीलचेअर कधीपासून पडून आहे. स्टिकर होता, तो पुसला गेला. ज्यांनी आणली ते फ्लॅट विकून गेले. द्यायची तर कुणाला? स्टिकर नको, ऑइलपेंटने मंडळाचं नाव आणि नंबर रंगवा.

ओटा_कट्टा
हे पटलं. आमचेही स्टिकरच आहेत.

जुनं_ते_सोनं
अवांतर: सेवेची ही परंपरा पुण्याला नवी नाही. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले आणि त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात रुग्णांसाठी दवाखाना चालवला. रुग्णांची सेवा करतानाच सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. आजच्या मंडळांनी डीजेचा खर्च...

पर्वतीपायथा
डीजेचा धागा शेजारी आहे, तिथे आधीच ताणाताणी चालू आहे.

डॉ_चष्मा
साहित्य केंद्र बंद करून दर रविवारी बीपी-शुगर तपासणी ठेवा असं कुणी सुचवायच्या आत सांगतो...

मॉर्निंग_वॉकर
मी तेच सुचवणार होतो! सारसबागेपाशी बघा, सकाळी केवढी रांग लागते.

डॉ_चष्मा
...की त्यात पडू नका. चालून आलेल्या, चहा प्यायलेल्या माणसाला उभ्याउभ्या पट्टा बांधून १५० सांगायचं आणि घरी पाठवायचं. निदान पाच मिनिटं बसवा, दोनदा मोजा. १४०/९० च्या वर पुन्हापुन्हा आलं तर महापालिकेच्या दवाखान्यात पाठवा, आणि तो गेला का हे महिन्याने विचारा. विचारणारं कुणी नसेल तर शिबिराचा फक्त फ्लेक्स उरतो. शिवाय शुगरच्या सुया कचऱ्याच्या डब्यात टाकता येत नाहीत, जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम शिबिरांनाही आहेत.

मॉर्निंग_वॉकर
डॉक्टर, माझी शुगर तिथेच कळली. नाहीतर मी कशाला लॅबमध्ये गेलो असतो?

डॉ_चष्मा
तुम्ही पुढे लॅबमध्ये गेलात. मुद्दा तोच आहे.

ओटा_कट्टा
मंडळी, शिबिराबद्दल मी विचारलंच नव्हतं.

सोल्डरिंग_गन
तुमच्याकडे २०२१ च्या कोविड लाटेतले ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारी यंत्रं) पडलेत का? रुग्णालयातली यंत्रं दुरुस्त करतो म्हणून विचारतोय.

ओटा_कट्टा
आहेत, गणपतीच्या सामानाच्या खोलीत. का?

सोल्डरिंग_गन
आतल्या झिओलाइटला (हवेतला नायट्रोजन शोषणारे दाणे) दमट हवा लागली की ऑक्सिजनची शुद्धता घसरते. मशीन चालू होतं, हवा येते, घरच्यांना वाटतं ऑक्सिजन चालू आहे. कुणाला देण्याआधी ऑक्सिजन अॅनालायझरवर तपासून घ्या. ९० टक्क्यांच्या आसपास दाखवत नसेल तर देऊ नका.

ओटा_कट्टा
बापरे. हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. तपासून घेतो.

सदाफुली
आता मूळ प्रश्न. ओटा_कट्टा, न आलेल्या वस्तूंत कॉट आणि एअर बेड जास्त आहेत ना?

ओटा_कट्टा
हो. तुम्हाला कसं कळलं?

सदाफुली
कारण बहुतेक घरांत माणूस गेलेला असतो. ती कॉट त्यांनाही डोळ्यासमोर नको असते. पण तिसरा मजला, लिफ्ट नाही, टेम्पो कोण करणार? आणि तुमचा फोन म्हणजे 'वस्तू कधी देताय'. कोण उचलेल? आम्ही पंधरा दिवसांनी फोन करतो आणि फक्त माणसाची चौकशी करतो. एकदा एक सून म्हणाली, एअर बेडचा पंप रात्री बंद ठेवतो, लाइटबिल येईल म्हणून. सासऱ्यांच्या माकडहाडाशी जखम झाली होती. पंपाला झिरोच्या बल्बइतकी वीज लागते, हे वस्तू देताना आमच्याकडून कुणी सांगितलंच नव्हतं. दर दोन तासांनी कूस बदलायची हेही नाही. आमच्या नर्सताई जाऊन दाखवून आल्या. ते गेल्यावर सुनेनेच फोन केला, कॉट घेऊन जा म्हणून. टेम्पो आम्ही पाठवतो, ढकलायला मंडळाची पोरं.

ओटा_कट्टा
टेम्पो पाठवायचं आम्हाला सुचलं नव्हतं. पण पंधरा दिवसांनी फोन करणार कोण? सगळे नोकरीवाले. महिला आघाडीला सांगतो.

सदाफुली
का? तुमची पोरं दिवसभर मोबाइलवरच असतात ना?

पर्वतीपायथा
हा प्रतिसाद अध्यक्षांना वाचून दाखवा.

वानवडीकर
धागा न वाचताच विचारतोय, माफ करा. आईचं परवा खुब्याचं ऑपरेशन आहे, कमोड खुर्ची कुठे मिळेल?

डॉ_चष्मा
बुटकी घेऊ नका. खुबा बदलत असतील तर बसताना गुडघे कमरेच्या वर जाता कामा नयेत. उंची कमीजास्त होणारी बघा, आणि सर्जनला विचारून घ्या.

ओटा_कट्टा
आमच्याकडे एक आहे, पायाला बटणं असलेली, उंची वाढते. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, शनिवारी संध्याकाळी सातनंतर या. अनामत ५००च, नवीन दर मीटिंगनंतर ठरतील.