पळपुटे कसले?

'किनाऱ्यावरच्या गावांतली पोरं शहरात पळतात, म्हणून गावं ओस पडतात' हे मत मला पटत नाही. इंडोनेशियात, जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर डेमाक जिल्ह्यात तिंबुलस्लोको नावाचं गाव आहे. तिथं पूर्वी भात पिकायचा. पुढे कोळंबी-मासळीच्या तळ्यांसाठी खारफुटी गेली, भूजल उपशानं या किनाऱ्याची जमीन खचत गेली आणि समुद्र थेट घरात आला. लोक भर घालून घरातली जमीन उंच करत राहतात. छत मात्र तिथंच, त्यामुळे वाकून वावरायचं! कबरस्तानसुद्धा पाण्याखाली गेलं, हे वाचून पोटात कालवलं. २०१५ पासून या किनाऱ्यावर काटक्यांचे पाझरते बांध घालून गाळ अडवण्याचा, खारफुटी परत आणण्याचा प्रयोग झाला. पण जमीनच खचत राहिली तर तो टिकणार कसा? अशा गावातली पोरं जवळच्या सेमारांग शहरात कामाला गेली, तर त्यांना पळपुटे कसं म्हणायचं?