मदत हवी आहे: जेवायला बोलावलंय, घरचं काय नेऊ की जे त्याच रात्री वाढावं लागणार नाही?

नमस्कार मंडळी. शनिवारी रात्री मिस्टरांच्या मित्राकडं जेवायला बोलावलंय, रुईकर कॉलनीत नवीन फ्लॅट घेतलाय त्यांनी, सातआठ जोडपी आणि पोरंटोरं. तांबडा-पांढरा, सुकं मटण सगळं घरीच करणार आहेत आणि वहिनींनी तीनदा फोनवर सांगितलं की काहीही आणू नका, म्हणजे रिकाम्या हातानं जायचं नाही हे आलंच.

दुकानातला मिठाईचा बॉक्स नको वाटतो. गेल्या दिवाळीत आम्ही एकाला दिलेला काजूकतलीचा बॉक्स कुठंकुठं फिरून भाऊबीजेला आमच्याच घरी परत आला. झाकणावर आमच्या पोरीनं चिकटवलेलं फुलपाखराचं स्टिकर तसंच होतं म्हणून कळलं, नाहीतर आम्ही पण पुढं ढकलला असता.

घरचं नेण्याचा पण एक किस्सा झालाय. मागं एकीकडं मी २ लिटर म्हशीचं दूध दीड तास आटवून बासुंदी नेली. तिथं बघते तर गुलाबजाम आहेत, आइस्क्रीम आहे, फ्रीजमध्ये वाटी ठेवायला जागा नाही आणि मटणावर दूध नको म्हणणारे निम्मे. बासुंदी रात्रभर ओट्यावर राहिली, सकाळी फाटली म्हणे. वर तो कडीचा डबा, रिकामा कसा द्यायचा म्हणून तिनं महिनाभर ठेवला, मग शंकरपाळ्या भरून पाठवला, मग मला तिचं ताट परत करताना चिवडा करावा लागला... तो डबा आता कुणाकडं आहे हे मला खरंच माहीत नाही.

तर असं काहीतरी सांगा की जे फ्रीजबाहेर आठदहा दिवस टिकेल, त्यांच्या सवडीनं खाता येईल आणि भांडं परत करायची भानगड नको. त्यांच्या सासूबाईंना शुगर आहे, घरात १० महिन्यांचं बाळ आहे. मी नोकरी करते, त्यामुळं गुरुवार-शुक्रवार संध्याकाळ एवढाच वेळ. डोक्यात खर्डा (मिरची-लसणाचा ठेचा) आणि चिक्की आहे, पण माझी चिक्की दरवेळी दाताला चिकटते.

पेठकर
वर्षभरासाठी करतात ती कांदा-लसूण चटणी द्या की पाव किलो, डंकावर कांडलेली. कोल्हापुरात ह्याच्यापेक्षा भारी काय असतंय. नाद खुळा!

धागाकर्ती
दादा, त्यांच्या घरात त्यांची चटणी असणारच की. आणि प्रत्येक घराला आपलीच चटणी खरी वाटते, दुसऱ्याची चाखून छान म्हणतात आणि बरणी मागं सरकवतात. मी पण तेच करते :)

रंकाळ्याची हवा
ताई, खर्डा करा पण बाहेर ठेवायचा असेल तर नको. कच्चा लसूण तेलात बुडवून बंद बरणीत बाहेर ठेवला तर बोट्युलिझमचा, म्हणजे जंतूंमुळं होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेचा धोका असतो, ते जंतू हवा नसते तिथंच वाढतात आणि वासावरून, चवीवरून काही कळत नाही. खर्डा फ्रीजमधला, चारपाच दिवसांत संपवायचा. तुम्हाला तर फ्रीजच नकोय.

चिक्कीचं म्हणाल तर गूळ कुठला घेता? नेहमीचा मऊ गूळ घेऊन होत नाही, मार्केट यार्डात चिक्कीचा गूळ म्हणूनच मागायचा. पाक झाला की नाही हे रंगावरून बघू नका, वाटीत गार पाणी घेऊन थेंब टाका, तो बोटानं दाबून ताटलीत टाकल्यावर टण्ण वाजला पाहिजे आणि मोडताना कट्ट तुटला पाहिजे. तार ओढली जात असेल तर अजून दोन मिनिटं. एवढ्या एका गोष्टीपायी माझे दोन किलो दाणे वाया गेलेत. आणि पूर्ण गार झाल्याशिवाय डबाबंद करू नका, वाफ धरली की परत चिकट.

गोडघाशी
मधात बदाम-अक्रोड भिजवून छोट्या बाटल्या द्या, दिसायला पण मस्त.

रंकाळ्याची हवा
१० महिन्यांचं बाळ आहे म्हणाल्यात ना त्या? वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा पण नसतो, कारण तेच बोट्युलिझम. घरात बाटली आली की कुणीतरी आजी बोट लावतेच. आणि चिक्की पण सासूबाईंसाठी नको, गूळ आहे म्हणून चालतो असं काही नसतं, शुगर त्यानं पण वाढतेच.

गावाकडची सून
थालीपीठाची भाजणी न्या. सिरियसली. पार्टी झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाईला सगळ्यात मोठा प्रश्न काय असतो, तर नाष्ट्याला काय. सिंक भरलेलं, पाय दुखतायत, पाहुण्यांपैकी दोघंतिघं राहिलेले. तेव्हा कांदा-कोथिंबीर घालून भिजवली की झालं.

ज्वारी २ वाट्या, बाजरी १, तांदूळ १, हरभरा डाळ १, उडीद डाळ अर्धी, गहू अर्धी, धणे पाव वाटी, जिरं एक चमचा. सगळं वेगवेगळं भाजायचं आणि मंद आचेवर, एकत्र भाजलं तर उडीद जळतो आणि ज्वारी कच्ची राहते. डाळीचा खमंग वास सुटला की उतरवा. पूर्ण गार करून मग गिरणीत. आणि गिरणीवाल्या दादांना आधी विचारा की काय दळताय, आमच्याकडं एकदा मिरचीच्या मागून दळून आली, शिंका देत थालीपीठं खाल्ली. सोबत जवसाची कोरडी चटणी एक छोटी बाटली. जवस तडतडेपर्यंत भाजा, लसूण घालणार असाल तर तो पण कोरडा कुरकुरीत करून, आणि गार झाल्यावरच मिक्सर फिरवा.

डब्याचं सोपं आहे, जुन्या सुती साडीची पिशवी शिवा, आत झिपची पिशवी. चटणी जॅमच्या बाटलीत, पण झाकण हुंगून बघा, लोणच्याचं असेल तर वास जात नाही.

धागाकर्ती
हे एकदम पटलं. गुरुवारी भाजते, शुक्रवारी दळून आणते. साडी आईची एक जांभळ्या काठाची आहे. पिशवीवर तारीख आणि काय काय धान्य आहे ते लिहून चिकटवते.

धागाकर्ती (रविवार)
अपडेट! काल वहिनींनी पिशवी सरळ आत ठेवली, वाढायची वेळच आली नाही. टेबलावर तीन प्रकारचे केक आले होते, त्यातला एक अजून तसाच असणार. आज साडेनऊला व्हॉट्सॲपवर फोटो आला, मधे भोक पाडलेलं थालीपीठ, भोकात लोणी वितळतंय, शेजारी चटणी. सासूबाईंनी दोन खाल्ली म्हणे. सगळ्यांना मनापासून धन्यवाद, गावाकडच्या सूनबाईंना डबल.

फक्त खाली एक मेसेज आहे: "पिशवी किती सुंदर गं, धुवून वाळत घातलीय, पुढच्या आठवड्यात देते." रिकामी देणार नाहीत, मला माहीत आहे.