थीम पार्कात गर्दी नेमकी कधी ओसरते? (मदत हवी आहे, परवाच जायचंय)

प्राजक्ता_मानपाडा | गुरुवार, रात्री ९:४०
शनिवारी पार्कात जातोय. मागच्या वर्षी एका पार्कात (नाव घेत नाही) ८० मिनिटं उन्हात उभं राहून राइड मिळाली दीड मिनिटाची, आणि धाकटा रांगेतच झोपला. या वेळी ते नकोय. दिवसभरात गर्दी कधी कमी असते, कोणत्या वेळी कुठली राइड घ्यावी? ज्यांना माहीत आहे त्यांनीच सांगा. गुगलवर सगळे 'वीकडेला जा' एवढंच सांगतात. वीकडेला जाता आलं असतं तर विचारलं असतं का?

कोपरीकर | रात्री ९:५२
सूरज वॉटर पार्कला जात असाल तर दुपारी ३ नंतर जरा हात-पाय हलवायला जागा होते. लहान मुलांची आंघोळ आटोपून लोक कपडे बदलायला पळतात. घोडबंदरला मेट्रोच्या कामातून गाडी काढायची तयारी ठेवा मात्र.

घणसोलीचा_बंड्या | रात्री ९:५८
ताई, कुठलं पार्क?

प्राजक्ता_मानपाडा | रात्री १०:०३
अहो, खालापूरचं इमॅजिका. ठाण्याहून थीम पार्क म्हटल्यावर दुसरं कुठलं असणार! डिसेंबरात मी मुलांना पाण्यात कशाला घालीन?

कोपरीकर | रात्री १०:०५
टिकुजीनी वाडी तुमच्या मानपाड्यातच आहे की.

निवांत_नेरूळ | रात्री १०:१४
शनिवार म्हणजे २७ तारीख. नाताळची सुट्टी आणि त्यात वीकएंड. गर्दी 'ओसरत' नाही, नुसती एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात सरकते. तरी माझा अनुभव असा: गेट उघडायच्या आधी अर्धा तास दारात उभं राहायचं, आत शिरल्यावर पहिल्या दुकानाशी फोटो काढत बसायचं नाही, थेट आतल्या टोकाला जायचं. पहिल्या तासाभरात तीन मोठ्या राइड होतात. पुढे दिवसभर त्यातली एकेकच तेवढा वेळ खाते.

ऑरलँडोची_मावशी | रात्री १०:३१
निवांत म्हणतात ते बरोबर आहे. आमच्याकडे डिस्नेला लेकीबरोबर आम्ही हेच करतो. सकाळी लवकर, मग ११ ते ४ हॉटेलवर जाऊन झोपा आणि संध्याकाळी परत या. रात्री फटाके सुरू झाले की सगळे किल्ल्यासमोर जमतात आणि राइड रिकाम्या पडतात. १९९९ साली त्यांनी फास्टपास आणला तेव्हा काय सोय होती! ठरल्या वेळी जायचं आणि बसायचं. तेही फुकट. आता पैसे मोजावे लागतात.

घणसोलीचा_बंड्या | रात्री १०:३६
मावशी, खालापुरातून दुपारी झोपायला मानपाड्याला यायचं का मग? :)

ऑरलँडोची_मावशी | रात्री १०:४४
तत्त्व सांगितलं हो. मोठा खेळ सुरू झाला की रांगा रिकाम्या होतात, जग कुठलंही असो. तुमच्याकडेही संध्याकाळी परेड असते ना? ती सुरू झाली की समोरच्या राइडला पळा.

यंत्रविद | रात्री ११:०७
रांग किती लांब दिसते यावर जाऊ नका, किती वेगाने गिळली जाते ते बघा. समजा एका फेरीत २४ माणसं बसतात आणि दर ३ मिनिटांनी गाडी सुटते. म्हणजे तासाला ४८०. तुमच्या पुढे ३०० माणसं असतील तर साधारण ३७-३८ मिनिटं. त्याच रुळावर दुसरी गाडी सोडली की तीच रांग २० मिनिटांवर येते. म्हणून रांगेत शिरण्याआधी दोन फेऱ्या घड्याळ लावून मोजा आणि गाडी एक आहे की दोन ते बघा. मी ऐरोलीत कन्व्हेयरच्या कंपनीत आहे, खोकी आणि माणसं यांचं गणित एकच.
आय फॉर इंडिया, मिस्टर इंडिया यांच्यासारख्या राइड नाट्यगृहासारख्या असतात. दरवाजा उघडला की एकदम मोठी तुकडी आत जाते. बाहेर दीडशे माणसं बघून लोक घाबरून परत फिरतात, पण ती दोन-तीन खेळांत संपतात. शिवाय सावली मिळते. दुपारच्या उन्हात या घ्या. नायट्रो रोलरकोस्टरसारख्या उघड्यावरच्या राइड सकाळी किंवा ऊन उतरल्यावर.

निवांत_नेरूळ | रात्री ११:१५
गणित छान आहे, पण माणसं खोकी नसतात. चौघांचा ग्रुप पहिली रांग हवी म्हणून अडून राहतो, कुणाचा चष्मा, कुणाची टोपी. आणि मधूनच घुसणारे 'आमचे मागचे लोक पुढे आहेत'वाले.

यंत्रविद | रात्री ११:१९
म्हणूनच मोजा म्हणालो. मोजलेल्या आकड्यात चष्मा-टोपी आपोआप येते.

वाचकमात्र_दादर | रात्री ११:२८
एस्सेलवर्ल्डची आठवण झाली. १९८९ ला सुरू झालं तेव्हा आम्ही कॉलेजात होतो. तिथे गर्दी ओसरायची वेळ लाँच ठरवायची. परतीच्या लाँचला रांग लागेल या धाकाने चार-साडेचारपासून लोक धक्क्याकडे निघायचे. आम्ही मुद्दाम थांबायचो, एकेका राइडवर तीन-तीनदा बसायचो आणि मग धक्क्यावर दीड तास उभे. एकूण हिशेब तोच! २०२२ ला बंद झालं. गोराईची ती हवा, ओल्या कपड्यांत वडापाव...

ऑरलँडोची_मावशी | रात्री ११:३४
अगदी! आम्ही लग्नानंतर पहिल्यांदा तिथेच गेलो होतो.

प्राजक्ता_मानपाडा | शुक्रवार, सकाळी ७:२०
एस्सेलवर्ल्ड नंतर बोला प्लीज. गेट उघडताना पोहोचणं जमणार नाही, आमची बस ११:३० ला पोहोचते.

घणसोलीचा_बंड्या | सकाळी ७:४१
बस?? कुठली बस?

प्राजक्ता_मानपाडा | सकाळी ७:४८
सोसायटीची सहल आहे. मी लिहिलं नाही का? दोन बसेस, ८ ला निघणार, वाटेत पोह्यांसाठी थांबणार. परत निघायचं ६ ला. सेक्रेटरीकाका ६ म्हणजे ६.

निवांत_नेरूळ | सकाळी ७:५५
म्हणजे सकाळचा पहिला तासही गेला आणि संध्याकाळचा शेवटचा तासही गेला. ताई, आम्ही रात्रभर त्याच दोन वेळांवर भांडत होतो.

ऑरलँडोची_मावशी | सकाळी ८:०२
परेडही गेली बहुतेक.

प्राजक्ता_मानपाडा | सकाळी ८:१०
परेडचं मला काही नाही. ११:३० ते ६ मध्ये काय करायचं तेवढं सांगा.

घणसोलीचा_बंड्या | सकाळी ८:३०
मग सरळ उत्तर. जेवायची वेळ. १ ते २:३० मध्ये अख्खं पब्लिक खाण्याच्या रांगेत असतं. तुम्ही पोहे खाऊन आलेले असणार, तेव्हा १२:४५ ला मोठ्या राइडच्या रांगेत शिरा, अडीचला जेवा. मी दोनदा केलंय. रांग टाळायच्या एक्स्प्रेस पासचे जास्तीचे पैसे द्यायची गरज नाही.

सीवूड्सची_सखी | सकाळी ८:४६
गरज कशी नाही? सहा तास हातात आणि २७ डिसेंबर. अशा दिवशीच तर घ्यायचा तो पास. फक्त कुठल्या राइडना चालतो आणि एकदाच की पुन्हा पुन्हा, ते आधी वाचून घ्या. चौघांचं एकदम काढू नका, ज्याला मोठ्या राइड करायच्यात त्याचंच काढा.

घणसोलीचा_बंड्या | सकाळी ८:५१
तिकिटाचे पैसे द्या, मग रांग मोडायचे वेगळे द्या. देवळात व्हीआयपी दर्शनाला नावं ठेवायची आणि इथे...

सीवूड्सची_सखी | सकाळी ८:५५
देऊळ कुठून आलं मध्येच?

गणेशभक्त_पनवेल | सकाळी ९:०४
देवळाचा विषय निघालाच आहे तर, खोपोली-पाली रस्त्यावरच जाताय तर तसंच पुढे पालीचा बल्लाळेश्वर करून या. किंवा महडचा वरदविनायक, तो तर खोपोलीजवळच. शनिवारी संकष्टी नाही, म्हणजे दर्शन सावकाश होईल. एका फेरीत दोन कामं.

प्राजक्ता_मानपाडा | सकाळी ९:१२
काका, बस सोसायटीची आहे. बंड्यादादा, अडचण अशी की जेवण सोसायटीचंच आहे, कूपनवर. १ वाजता सगळ्यांनी एकत्र जेवायचं ठरलंय.

यंत्रविद | सकाळी ९:२०
हे कूपनचं कालच सांगितलं असतंत तर! कूपनवर वेळ छापली आहे का, की १ वाजता ही सेक्रेटरींची इच्छा आहे?

प्राजक्ता_मानपाडा | सकाळी ९:२६
छापलंय १२ ते ३. एक ही इच्छा.

यंत्रविद | सकाळी ९:३१
मग सुटलं. दोन बसभर माणसांच्या पंगतीत चारजण कमी असल्याचं कुणाला कळत नाही. अडीचला जेवा.

माहेरवाशीण_कळवा | सकाळी ९:५०
मुलं किती वर्षांची? बरोबर अजून कोण? त्याशिवाय कसलं वेळापत्रक मांडताय तुम्ही सगळे पुरुष मंडळी.

सीवूड्सची_सखी | सकाळी ९:५२
मी पुरुष नाही. पण प्रश्न बरोबर आहे.

प्राजक्ता_मानपाडा | सकाळी १०:०५
मोठा ११, धाकटा ५ (१०४ सेंमी, मागच्या महिन्यात डॉक्टरांकडे मोजला). आणि सासूबाई, वय ७१, गुडघे.

माहेरवाशीण_कळवा | सकाळी १०:२२
बघा! मग सगळ्यांनी एका रांगेत उभं राहायचंच कशाला? प्रत्येक राइडच्या तोंडाशी उंचीची पट्टी असते, धाकटा बऱ्याच ठिकाणी तिथेच अडणार. आणि पाऊण तास रांगेत उभं करून दारातून परत फिरवलेलं पोरगं सांभाळणं म्हणजे काय, ते मी भोगलंय (दुसरीकडे). आधी पट्टी बघा, मग रांगेत जा.
१२:४५ ला नवरा आणि मोठा मोठ्या राइडला. तुम्ही, आजी आणि धाकटा १२ वाजताच जेवून घ्या. तेव्हा टेबलं रिकामी असतात, आजींना बसायला खुर्ची मिळते. मग ते दोघं जेवतील तेव्हा तुम्ही लहान मुलांच्या राइड करा, कारण त्या वेळी सगळी लहान पोरं जेवत किंवा पेंगत असतात. मोठ्या राइडची गर्दी आणि छोट्यांची गर्दी एका वेळी वाढत नाही, हे कुणीच सांगत नाही. छोट्यांची सकाळी ११ ते १२:३० आणि परत ४ नंतर.
दुसरं, तुम्हालाही मोठी राइड करायची असेल तर दारावरच्या मुलाला विचारा, की एक पालक बसून आला की दुसऱ्याला पुन्हा रांग न लावता सोडतील का. काही पार्कात सोडतात. विचारायला पैसे पडत नाहीत.

निवांत_नेरूळ | सकाळी १०:४०
हा प्रतिसाद वर चिकटवा कुणीतरी.

दोन_आणे | सकाळी ११:१५
४ वाजता शाळांच्या सहली निघतात, तेव्हा एकदम रिकामं होतं.

घणसोलीचा_बंड्या | सकाळी ११:२०
नाताळच्या सुट्टीत कुठली शाळा? ते डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातलं गणित. आता सगळ्या घरच्या गाड्या आणि ट्रॅव्हल्सच्या बसेस. चारला जेवून, पेंगून सगळे एकदम बाहेर येतात, दिवसातली सगळ्यात वाईट वेळ तीच. लांबच्या बसेसचे लोक पाचनंतर पार्किंगकडे वळतात. ५ ते ५:४५ ठेवा एखादी राइड.

चिंचवडचा_पाहुणा | सकाळी ११:४४
आमच्या इथल्या कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, त्यामुळे आम्ही गुरुवारी येतो. गुरुवार टाळा.

प्राजक्ता_मानपाडा | सकाळी ११:५०
शनिवारी जातोय.

चिंचवडचा_पाहुणा | सकाळी ११:५३
हो, मग हरकत नाही.

कोपरीकर | दुपारी १:१०
सगळे म्हणतात शिरल्यावर डावीकडे जा, लोक उजवीकडे जातात म्हणून. एकदा मी डावीकडे गेलो, तर हे वाचून आलेले सगळे तिकडेच उभे होते. यावर विश्वास ठेवू नका.

प्राजक्ता_मानपाडा | रविवार, सकाळी १०:३०
जाऊन आलो. घाईत आहे, थोडक्यात लिहिते.
बस ११:५० ला पोहोचली, एक्स्प्रेसवेवर लोणावळ्याला जाणाऱ्यांची रांग. घाटाच्या आधीच बाहेर पडायचं होतं म्हणून तेवढ्यावर सुटलो. कळव्याच्या ताईंचं जसंच्या तसं केलं. सासूबाई, मी आणि धाकटा आल्या आल्या जेवलो, सेक्रेटरीकाका रागावले, मग तेच सव्वाबाराला आमच्या टेबलावर येऊन बसले. नवरा आणि मोठा १२:५० ला डीप स्पेसच्या रांगेत शिरले, २५ मिनिटांत बाहेर. नायट्रोला यंत्रविदांनी सांगितल्याप्रमाणे नवऱ्याने घड्याळ लावून फेऱ्या मोजल्या, गणित मांडलं, ४० मिनिटं निघाली, आणि तेवढ्यात मोठ्याचं धाडस संपलं. त्यामुळे गणित बरोबर होतं की नाही ते कळलं नाही.
धाकट्याने टबी ही छोट्यांची राइड तीनदा केली, दोन ते अडीचमध्ये, जवळपास न थांबता. सासूबाई हट्टाने भुताटकीच्या सलीमगढमध्ये जाऊन आल्या. म्हणाल्या, आमच्या वाड्यातल्या माजघरात दिवे गेले की याहून भीती वाटायची.
चार ते पाच खरंच हलता येत नव्हतं, तेव्हा सावलीत बसलो. ५:१० ला गोल्ड रश एक्स्प्रेस, १५ मिनिटं.
६ म्हणजे ६ वाली बस ६:४० ला निघाली. काकाच सापडत नव्हते. परेड बघत होते.

माहेरवाशीण_कळवा | सकाळी १०:४२
आजींना नमस्कार सांगा.

यंत्रविद | सकाळी १०:५०
मुलगा रांगेत शिरला असता तर निदान एक आकडा पक्का झाला असता. असो.

फक्त_निमित्त | सकाळी ११:३०
नमस्कार, पूर्ण धागा वाचला नाही. आम्ही ३१ ला जातोय, गर्दी कधी कमी असते?

घणसोलीचा_बंड्या | सकाळी ११:३१
कुठलं पार्क?