विषय: [सभासद] मेंडोझा – रात्रीची बस की दिवसाची? आज ठरवायचंय

केतकी:
मंडळी, चिलीतल्या सँटियागोहून अर्जेंटिनातल्या मेंडोझाला जाणाऱ्या बसची तिकिटं आज रात्री काढायचीत. रोहन म्हणतो रात्रीची घेऊ, हॉस्टेलचं एका रात्रीचं भाडं वाचेल. वेंदिमियाचा, म्हणजे तिथल्या द्राक्षांच्या हंगामाच्या उत्सवाचा, आठवडा आहे, डॉर्ममधला साधा पलंगसुद्धा महागलाय. प्रकाशकाका, तुम्ही पिकनिकला तिथले फोटो दाखवले होते ना? सॅकमध्ये आईने दिलेलं मेतकूट आणि दाण्याची चटणी आहे. सीमेवर चालेल ना?

प्रकाशकाका:
दिवसाचीच घे. लॉस काराकोलेस घाटाची वळणं झोपेत काढायची असतील तर विमानाने जा की! डाव्या बाजूची खिडकी माग. सीमेवरचा बोगदा ओलांडला की ओर्कोनेसजवळ अँडीजचं सर्वांत उंच शिखर अकोन्काग्वा दिसतं, ६,९६१ मीटर. क्षणभरच दिसतं, पण दिसतं.

रोहन:
काका, एका पलंगाच्या पैशात दोन वाइन टेस्टिंग होतात. डोंगर फुकट आहे हे मान्य, पण तो परतीच्या बसमधूनही दिसेल.

प्रकाशकाका:
रात्रीच्या बसमध्ये झोप लागेल असं कोणी सांगितलं? मध्यरात्रीनंतर सीमेवर डोंगरात सगळ्यांना खाली उतरवतात, पासपोर्ट आणि सामान तपासतात. थंडीत रांग. स्वेटर डिकीत टाकलात तर बसा कुडकुडत.

अनघाताई:
बसचं तुमचं तुम्ही बघा. केतकी, मेतकुटाचं ऐक. चिलीत शेतमालाची तपासणी फार कडक आहे, सँटियागोला विमानातून उतरल्यावरही आणि परतीच्या बसमध्येही. फळं, बिया, मध तर नकोच. जे असेल ते फॉर्मवर लिहायचं. लिहिलं तर फार तर काढून घेतील, लपवलं तर दंड. आमच्या जाऊबाईंच्या पर्समध्ये अर्धं सफरचंद राहिलं होतं, तेवढ्यावरून केवढी चौकशी!

शरद:
निफाडचा माणूस म्हणून सांगतो, बस कुठलीही घ्या पण द्राक्षबागा नीट बघा. मेंडोझात वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस. पाणी सगळं अँडीजच्या बर्फाचं, पाटाने आणलेलं. शहरातल्या रस्त्यांच्या कडेलाही पाट आहेत. आपल्याकडे एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी. त्यांच्या वेली हिवाळ्यात झोपतात, छाटणी तेव्हा एकदाच. गारपिटीसाठी बागांवर जाळ्या टाकतात. त्याचे जवळून फोटो हवेत, भावाला पाठवायचे आहेत.

सचिव:
प्रवासाचे प्रश्न कृपया सहलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. ही लिस्ट सध्या होळीच्या नोंदणीसाठी आहे. पुरणपोळीचे आकडे अजून अर्ध्या घरांकडून आलेले नाहीत.

प्रकाशकाका:
ही लिस्ट सुरू झाली तीच मुळी एकमेकांना असं विचारायला. होळी नंतर आली. असो. केतकी, मेंडोझाजवळच्या मायपूच्या वाइनरी बघायला टॅक्सी करू नकोस. मेट्रोट्रान्व्हिया नावाच्या ट्रामने गुतिएरेस स्टेशनला उतर, तिकिटासाठी सुबे कार्ड लागेल. २०१२ साली ती ट्राम सुरू झाली तेव्हा डबे कुठले घेतले माहितेय? आपल्या सॅन डिएगोच्या जुन्या ट्रॉलीचे! मी ऑफिसला त्यातूनच जायचो. पुढे सायकल भाड्याने मिळते. रविवारी बऱ्याच वाइनरी बंद असतात, आधी विचारून ठेव.

अनघाताई:
वाइन पिऊन सायकल? प्रकाशराव, पोरांना काय शिकवताय?

प्रकाशकाका:
घोटभर चाखायची असते, वहिनी. तिसऱ्या ठिकाणानंतर सायकल हातात धरून चालायचं.

रोहन:
तिकिटं काढली. दिवसाची. केतकीने. आता पलंग शोधतोय. डॉलर रोख न्यावेत का?

नितीन:
ब्लू डॉलरच्या, म्हणजे अर्जेंटिनातल्या काळ्या बाजारातल्या डॉलरच्या दराच्या, जुन्या गोष्टींवर जाऊ नका. एप्रिल २०२५ मध्ये डॉलर खरेदीवरचे निर्बंध सैल झाल्यापासून तो दर आणि सरकारी दर यांतला फरक फार उरलेला नाही. कार्ड न्या, थोडी रोख ठेवा.

सचिव:
केतकी, पुरणपोळ्या किती?

केतकी:
सहा. मेतकूट आणि चटणी घरीच ठेवतेय, अनघाताई.

शरद:
जाळीचा फोटो खालून काढा, खांबाला कशी बांधलीय ते दिसलं पाहिजे. ग्लासांचे नकोत.