मदत हवी आहे : नोकरी बदलल्यामुळे थायलंडबाहेर जाऊन नवा व्हिसा काढायचाय, व्हिएनतियान (लाओस) बरं की पेनांग (मलेशिया)?

नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितेय आणि लांबण लागणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नीट सुचवता येणार नाही म्हणून सविस्तरच लिहिते.

आम्ही बँकॉकला असतो. नवरा नॉन-बी (नोकरीच्या व्हिसा) वर, मी आणि मुलगा (पहिलीत आहे) त्याचे डिपेंडंट म्हणून नॉन-ओ वर, दरवर्षी इथेच इमिग्रेशनला जाऊन एक्सटेन्शन व्हायचं त्यामुळे बाहेर जायची कधी वेळच आली नाही. आता नवऱ्याने नोकरी बदललीये. आधीच्या कंपनीतला शेवटचा दिवस १० एप्रिल, शुक्रवार. इथला नियम माहिती असलेल्यांना कळेलच, नोकरी संपली की त्याच दिवशी राहायची परवानगी संपते, त्याची संपली की आमचीही संपली. १९०० बाथ भरून ७ दिवस वाढवून मिळतात, म्हणजे १७ तारखेपर्यंत. नवी कंपनी म्हणतेय की तुम्ही सगळे बाहेर जा, नवीन नॉन-बी आणि नॉन-ओ घेऊन या, मग आम्ही वर्क परमिट करतो. त्यासाठी लेबर ऑफिसचं जे डब्ल्यूपी-३ चं पत्र लागतं त्याचा अर्ज त्यांनी केलाय, एप्रिलच्या मध्यापर्यंत हातात येईल असं एचआर म्हणते.

आणि नेमका मध्ये सोंगक्रान (थाई नवीन वर्ष) येतोय! १३ ते १५ इथे सगळं बंद. लाओसचं नवीन वर्षही त्याच दिवसांत, १४ ते १६, म्हणजे व्हिएनतियानची थाई एम्बसी दोन्हीकडच्या सुट्ट्यांत सापडणार. १० ला संध्याकाळी बॅगा घेऊन निघालो तरी कागद बघायला तिथे कुणी नसणार, आणि तोवर ते पत्र आलेलं असेलच असंही नाही.

सीमेवर नुसतं जाऊन शिक्का मारून परत यायचं, हा मार्ग मला नकोय. एका एजंटने तेच सुचवलं, की भारतीयांना जुलै २०२४ पासून व्हिसाशिवाय ६० दिवस मिळतातच, या परत, पुढचं आम्ही बघतो. पण नोव्हेंबर २०२५ पासून इमिग्रेशनवाले व्हिसा रनच्या बाबतीत कडक झालेत, आणि जमिनीवरून व्हिसाशिवाय वर्षातून दोनदाच येता येतं. शिवाय पासपोर्टवर एकदा नको ते प्रश्न सुरू झाले की पुढच्या प्रत्येक वेळी उत्तरं आपल्यालाच द्यायची असतात, एजंट नसतो काउंटरवर. इथे मुलाची शाळा आहे, आम्हाला अजून बरीच वर्षं राहायचंय, त्यामुळे व्हिसा रीतसरच हवाय. पूर्वी लोक पोईपेटला जाऊन यायचे ती कंबोडियाची बाजूही जून २०२५ पासून बंद आहे, म्हणजे उरलं लाओस नाहीतर मलेशिया.

अजून एक अडचण. सासूबाई नाशिकहून आल्यात, मे च्या पहिल्या आठवड्यापर्यंत आहेत. त्यांचा स्वतःचा शिक्का व्यवस्थित आहे, त्यांना जायची काही गरज नाही. पण गुडघे दुखतात, भाषा येत नाही, लिफ्ट बंद पडली तर खाली सिक्युरिटीला काय सांगायचं तेही त्यांना जमणार नाही, मग आठवडाभर त्यांना सतराव्या मजल्यावर एकटं ठेवायला माझं मन होत नाही. तर त्याही बरोबर येणार. आता प्रश्न :

१) व्हिएनतियान की पेनांग? लाओसला आपल्याला व्हिसा लागतो (ऑन अरायव्हल मिळतो ते माहितीये), मलेशियाला ३० दिवस फुकट आहे. पण नॉन-बी च्या बाबतीत नाव जास्त व्हिएनतियानचंच ऐकलंय.

२) सध्या सगळं ई-व्हिसावर आहे, जानेवारी २०२५ पासून, म्हणजे अर्ज ऑनलाइन पण आपण त्या देशात हजर पाहिजे. नेटवर वाचलं तर पहाटे रांग लावा, टोकन घ्या, दुसऱ्या दिवशी पासपोर्ट घ्यायला या, असलंच सगळं जुनं. आत्ता कुणी करून आलंय का?

३) तिघांचे अर्ज एकदम टाकायचे की आधी नवऱ्याचा होऊ द्यायचा?

४) आमचं लग्नाचं सर्टिफिकेट महापालिकेचं आहे, नमुना इ. माझ्या पासपोर्टवर माहेरचंच नाव आहे, मुलाच्या शाळेत सासरचं. याने कुणाचं अडलंय का?

कृपया अनुभव सांगा, ऐकीव नको. मुलाला घेऊन जायचंय म्हणून फार जीवाला लागलंय.

प्रतिसाद

ताई, आम्ही मागच्या पावसाळ्यात व्हिएनतियानला केलं, त्यामुळे ताजं आहे. पासपोर्ट कुणी ठेवून घेत नाही, स्कॅन अपलोड करायचे, लाओसचा एन्ट्रीचा शिक्का मारलेलं पानसुद्धा, कारण तुम्ही तिथे आहात याचा तोच पुरावा. म्हणून घरून फक्त कागद तयार करून ठेवा, अर्ज सीमा ओलांडल्यावरच टाका. आमच्या वेळी नवऱ्याचा आधी मंजूर झाला आणि मग त्याच्या व्हिसाची कॉपी जोडून माझा आणि मुलीचा टाकला, एकदम टाकलेले आमचे परत आले होते. म्हणजे दिवस जास्त धरून चला. फी सिंगल एन्ट्रीला माणशी २००० बाथच्या हिशोबाने.

रेल्वेने जाणार असाल तर सासूबाईंचा विचार करा. बँकॉकहून रात्रीची गाडी आता थेट व्हिएनतियानच्या खामसावात स्टेशनला जाते, खालचा बर्थ मिळाला तर झोप छान होते, पण सकाळी सीमेवरच्या नोंगखायला सगळ्यांना सामानासकट उतरवतात, थाई एक्झिटचा शिक्का घ्यायचा, परत गाडीत चढायचं, आणि पलीकडे गेल्यावर लाओसची रांग वेगळी. माझ्या आईला गेल्या वेळी तो गाडीचा पायदान चढवताना दोघांनी धरावं लागलं. त्यापेक्षा डॉन मुआंगहून उदोन थानीला विमान, तासाभराचं काम आहे, तिथून लाओसच्या सीमेवरचा पूल ५०-५५ किलोमीटर. ऑन अरायव्हल व्हिसाला डॉलर न्या, बाथमध्ये भरलं तर महाग पडतं, आणि प्रत्येकाचा एक एक फोटो.

प्रतिसाद

फार महत्त्वाचं आहे म्हणून आधी हेच लिहितो. परत येताना ई-व्हिसाची प्रिंट काउंटरवर पासपोर्टच्या आधी पुढे करा. आपला पासपोर्ट बघून ऑफिसर सवयीने व्हिसाशिवायचा ६० दिवसांचा शिक्का मारून मोकळा होतो, आणि तो घेऊन आत आलात की नॉन-बी वाया, वर्क परमिट अडकलं. माझ्या टीममधल्या एकाचं असं झालं, त्याला सगळा खर्च दुसऱ्यांदा करावा लागला. शिक्का मारल्यावर काउंटर सोडायच्या आत बघायचं, व्हिसाचा प्रकार लिहिलाय का आणि तारीख ९० दिवसांची आहे का. तुम्हा तिघांचेही पासपोर्ट तिथेच उघडून बघा, मागचे कितीही चुळबुळ करोत. टीडीएसी (थायलंडमध्ये शिरताना लागणारं ऑनलाइन अरायव्हल कार्ड) यायच्या आधीच्या ३ दिवसांत भरायचं, फुकट असतं, पैसे मागणारी साइट दिसली तर ती खोटी.

आणि घरी आल्यावर घरमालकाकडून टीएम-३० (परदेशी माणूस इथे राहतोय याची इमिग्रेशनला नोंद) परत करून घ्या. २४ तासांत करायचं असतं, पण मालक लोक विसरतात आणि अडकतो आपण.

प्रतिसाद

नावाचं घाबरू नका. मराठी बायकांचं हे नेहमीचंच आहे. पासपोर्टच्या शेवटच्या पानावर नवऱ्याचं नाव असेल तर ते पान जोडा, मुलाच्या शेवटच्या पानावर तुम्हा दोघांची नावं असतातच, तेही जोडा. शाळेतल्या नावाचा इथे काही संबंध येत नाही. पण नमुना इ वर अटेस्टेशन झालंय का? मंत्रालयातलं, मग परराष्ट्र खात्याचं, मग थाई कॉन्सुलेटचं. पहिल्या नॉन-ओ ला केलं असेल तर तेच कागद चालतील, नसेल तर सुखुमवित २३ च्या आपल्या एम्बसीत आत्ताच विचारा, सोंगक्रानच्या आधी.

आणि समजा तुमचा आणि मुलाचा नॉन-ओ तिथे वेळेत नाहीच झाला तर तुम्ही दोघं व्हिसाशिवाय परत या आणि नवऱ्याचं बस्तान बसलं की इथे बदलून घ्या. तो काही चोरटा मार्ग नाही, इमिग्रेशनचाच फॉर्म आहे त्यासाठी. फक्त हातात कमीत कमी १५ दिवस शिल्लक असताना जायचं.

धागाकर्तीचा प्रतिसाद

मनापासून आभार सगळ्यांचे, रात्री नवऱ्याला बसवून एकेक वाचून दाखवलं. अटेस्टेशन पहिल्या वेळचं आहे, फाइल काढून बघितली, तिन्ही शिक्के आहेत, ती एक काळजी मिटली.

असं ठरवतोय : १० ला सात दिवस वाढवून घ्यायचे, सोंगक्रान घरीच, १६ ला कंपनीकडून मूळ कागद हातात घ्यायचे आणि १७ ला निघायचं. म्हणजे अर्ज सोमवारी, २० ला, तेव्हा सगळी ऑफिसं उघडलेली असतील. माझा कल पेनांगकडे आहे, सासूबाईंना थेट विमान, व्हिसाची भानगड नाही, जॉर्जटाउनच्या लिटल इंडियात त्यांच्या जेवणाचीही सोय होईल, त्या कांदा-लसूण खात नाहीत. तिथल्या थाई कॉन्सुलेटला ईमेल केलाय की फिरायला म्हणून आलेल्या भारतीयांचा नॉन-बी घेता का. त्यांनी लेखी हो म्हटलं तरच तिकडे जाऊ, उत्तर नाही आलं तर व्हिएनतियान, उदोनच्या विमानाने.

तर त्यासाठी एक विचारते, उदोन विमानतळाहून पुलापर्यंत कुणी आख्खी गाडी केलीये का? व्हॅनमध्ये मागच्या सीटवर गुडघे दुमडून बसणं त्यांना होणार नाही. साधारण किती पडले आणि गाडी इमिग्रेशनच्या दारापर्यंत जाते की लांब सोडते, एवढं सांगा. तिकिटं या शनिवारी काढायचीयेत.