शिपमनला इतकी वर्षे कोणी वाचवले: त्याच्या प्रतिष्ठेने की व्यवस्थेच्या ढिलाईने?

निशिगंध:
मँचेस्टरजवळच्या हाइड गावात डॉ. हॅरल्ड शिपमन १९७७ पासून फॅमिली डॉक्टर होता. बोलावले की घरी येणारा, म्हाताऱ्या माणसांचे नीट ऐकून घेणारा, अशी त्याची ख्याती होती. ३१ जानेवारी २००० रोजी प्रेस्टनच्या न्यायालयात १५ खुनांबद्दल तो दोषी ठरला आणि त्याला जन्मठेप झाली. पुढे न्या. जेनेट स्मिथ यांच्या चौकशीने २००२ साली २१५ बळी निश्चित केले. त्यांत १७१ स्त्रिया होत्या.

माझ्या मते हे त्याला साधले ते केवळ डॉक्टर या शब्दाला असलेल्या मानामुळे. दहनासाठी तिथे दुसऱ्या डॉक्टरचीही सही लागत असे, आणि समोरच्या दवाखान्यातले डॉक्टर ती करत, कारण पहिली सही शिपमनची असे. अंत्यविधी करणाऱ्या स्थानिक कुटुंबाच्या मात्र लक्षात आले होते की याचे रुग्ण अंथरुणात जात नाहीत. रोजच्या कपड्यांत, खुर्चीत बसल्या जागी जातात, आणि आसपास आजारपणाची कसलीच खूण नसते. त्यांनी त्याला विचारलेही, पण काळजीचे कारण नाही असे डॉक्टरनेच सांगितल्यावर पुढे कोण बोलणार?

उत्तररात्र:
आपला रोख मला मान्य नाही. मी स्वतः इंग्लंडमध्ये फॅमिली डॉक्टर आहे. पेथिडिन या नशा आणणाऱ्या वेदनाशामकासाठी खोटी प्रिस्क्रिप्शन लिहिल्याबद्दल शिपमनला १९७६ साली शिक्षा झाली होती, म्हणजे ज्यांच्या हाती कागद होते त्यांच्या लेखी तो निष्कलंक नव्हता. मार्च १९९८ मध्ये शेजारच्या दवाखान्यातील डॉ. लिंडा रेनल्ड्स यांनी त्याच्या रुग्णांचे मृत्यू फार होत असल्याचे कॉरोनरच्या, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कानावर घातले. पोलिसांनी त्याची जुनी शिक्षासुद्धा तपासली नाही आणि महिन्याभरात प्रकरण मिटवले. त्यानंतर त्याने आणखी तिघींना मारले. हा कामचुकारपणा आहे, त्याचे खापर रुग्णांच्या विश्वासावर फोडू नये. त्या विश्वासावाचून माझे काम एक दिवस चालणार नाही. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या एका बाईंसाठी मी डायमॉर्फिन, म्हणजे शिपमन ज्याने मारत असे तेच जहाल वेदनाशामक, सिरिंजमध्ये भरत होतो, तेव्हा त्यांच्या मुलाने माझा हात धरला आणि "हे नक्की किती आहे?" असे विचारले. त्याचा प्रश्न रास्त होता, पण तेवढा वेळ त्या कळवळत होत्या.

निशिगंध:
रुग्णांना मी दोष दिलेला नाही, तो सह्या करणाऱ्यांना दिला आहे. १९७६ च्या शिक्षेनंतरही मेडिकल कौन्सिलने त्याची नोंदणी कायम ठेवली, हे कशाचे लक्षण? १९९८ च्या तपासात रुग्णांच्या नोंदी पाहून सारे ठीक असल्याचा निर्वाळा दिला गेला, पण त्या नोंदी शिपमननेच लिहिलेल्या होत्या. मृत्यूनंतर तो संगणकावर मागच्या तारखांनी हृदयविकार लिहून ठेवत असे, हे पुढे हार्ड डिस्कवरून उघड झाले. संशयिताचीच वही पुरावा म्हणून कोणी धरत नाही. डॉक्टरची धरली गेली.

पाऊलवाट:
दोघांच्याही मांडणीत वयाचा मुद्दा सुटला आहे, आणि मला तोच सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. बळी बहुतेक वृद्ध, पुष्कळशा एकट्या राहणाऱ्या बायका. पिकले पान गळाले, असे आपणही म्हणतोच. शिपमन सापडला तो जून १९९८ मध्ये हाइडच्या कॅथलीन ग्रंडी गेल्यावर, आणि तोही त्यांच्या मृत्यूच्या कारणावरून नव्हे. सुमारे ३,८६,००० पौंडांची मालमत्ता शिपमनला देणारे मृत्युपत्र पुढे आले, त्यांची मुलगी वकील असल्याने तिने ते बनावट असल्याचे ओळखले, आणि मग प्रेत उकरून तपासल्यावर डायमॉर्फिन सापडले. ८१ वर्षांची हिंडती-फिरती बाई अचानक जाते याचे कोणाला काही वाटले नाही. पैशाचा कागद खोटा निघाला तेव्हा यंत्रणा हलली.

उत्तररात्र:
वयाचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, तो मी आधीच मांडायला हवा होता. सप्टेंबर २०२४ पासून इथे कॉरोनरकडे न जाणारा प्रत्येक मृत्यू स्वतंत्र मेडिकल एक्झामिनरने, म्हणजे उपचारांशी संबंध नसलेल्या दुसऱ्या डॉक्टरने, तपासावा असा कायदा आहे. मी लिहिलेल्या मृत्यूच्या दाखल्याबद्दल मला फोन येतो, आणि घरच्यांनाही काही शंका आहे का ते विचारले जाते. त्यात मला अपमान वाटत नाही; ९० वर्षांच्या आजींसाठीही तो फोन येतो. मात्र रुग्ण जिवंत असताना, दुखण्याने तळमळत असताना कोणी माझा हात धरू नये, एवढे म्हणणे मी सोडणार नाही.